पोटदुखीच्या नोंदी : आश्रमशाळांतील मानसिक आरोग्याच्या अभ्यासाला प्रस्तावना

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशातल्या आदिवासींच्या आरोग्यावरचा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. त्यात दहा प्रश्न तातडीचे म्हणून वेगळे काढले आहेत. हिवताप, कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल ही नावे त्या यादीत असणार हे अहवाल न उघडताही सांगता येईल. पण यादीत आणखी दोन कलमे आहेत. एक व्यसने आणि मानसिक आरोग्याचे, दुसरे आश्रमशाळांतल्या मुलामुलींच्या आरोग्याचे. यादी एकच, कलमे मात्र अलग. आश्रमशाळेतल्या मुलाचे मन यांपैकी कोणत्या कलमात बसवायचे, हे प्रत्यक्ष कामाला लागणाऱ्याने आपल्यापुरते ठरवायचे. पुढची पाने त्या दोन कलमांच्या मधल्या जागेबद्दल आहेत.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. तुम्ही कोण असाल याचा थोडा अंदाज बांधून हे लिहिते आहे. मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे विद्यार्थी असाल. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले डॉक्टर असाल. किंवा गेली कित्येक वर्षे वसतिगृह सांभाळणाऱ्या अधीक्षिका असाल, ज्यांना इथले निम्मे आधीच ठाऊक आहे. या तिसऱ्या वाचकांना एवढेच सांगायचे, की पहिल्या दोघांना तुमची फार गरज आहे आणि सुरुवातीचे काही महिने ते त्यांना कळणार नाही. सांभाळून घ्या.

उदाहरणे मी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली घेणार आहे. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर करत भीमाशंकर सुमारे ११० किलोमीटर. श्रावणात आणि महाशिवरात्रीला हा रस्ता गाड्यांनी भरून जातो. ज्योतिर्लिंगाला निघालेल्याला डोंगर, धुके आणि नशिबात असेल तर शेकरू दिसते; रस्ता सोडून आत असलेल्या शाळा दिसत नाहीत. वस्ती महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची. भात, नाचणी, वरई, हंगामात हिरडा. आणि घरचे पिकलेले संपले की नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात मजुरी. डिंभे धरणाने घोड नदी अडवली तेव्हा जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव देणारे गावच आता जलाशयात आहे. धरणाने उठवलेल्या आदिवासी कुटुंबांसोबत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने अनेक वर्षे काम केले. या खोऱ्यात विस्थापन कशाला म्हणतात ते समजून घ्यायला त्या कामापासून सुरुवात करावी. मानसिक आरोग्याच्या पुस्तकांत ते सापडणार नाही.

महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळा १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाच्या धोरणाचा भाग म्हणून उघडल्या. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि साधारण तेवढ्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. भीमाशंकरच्या आसपासच्या शाळा घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली येतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, घरी आवणीची गडबड सुरू होते आणि त्याच दिवसांत सहा-सात वर्षांचे मूल पत्र्याची पेटी घेऊन शाळेत राहायला येते. राहणे, जेवण, अंथरूण, गणवेश, शिक्षण, आजारपण सगळे एका आवारात. म्हणून ‘शाळेतील आरोग्यसेवा’ या शब्दांचा अर्थ इथे शहरी शाळेपेक्षा फार वेगळा होतो. पुण्यातल्या शाळेत मूल दुपारी घरी जाते आणि त्याचे रडणे आईच्या वाट्याला येते. इथे रात्री दोन वाजताचे रडणेही शाळेच्याच वाट्याचे.

आता एक वही बघू. वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या टेबलावर आजारी मुलींची नोंद असते. तारीख, नाव, इयत्ता, तक्रार, दिलेले औषध. तक्रारीच्या रकान्यात ठरलेले शब्द: ताप, सर्दी, खरूज, डोके दुखते, पोटात दुखते, चक्कर. अशी वही तारखेप्रमाणे वरून खाली वाचण्याची रीत आहे, कारण तपासायला येणाऱ्याला ‘आज किती आजारी’ एवढेच हवे असते. ती एकदा नावाप्रमाणे वाचून पाहा. समजा, सातवीतली एक मुलगी जून-जुलैत पाच-सहा वेळा पोटदुखीसाठी आली आहे. ऑगस्टात तिचे नाव नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा आहे. दर वेळी तिला गोळी मिळाली, दर वेळी तासाभराने ती वर्गात गेली. वहीत चूक म्हणावी असे काही नाही. प्रत्येक ओळ खरी आहे. ओळी एकमेकींशी जोडलेल्या नाहीत इतकेच.

त्याच मुलीबद्दल इतरांना काय माहीत असते? वर्गशिक्षकांच्या लक्षात आलेले असते की गणिताच्या तासाला तिचे लक्ष नसते. चाचणीतले गुण सांगतातच. स्वयंपाकघरातल्या मावशींनी पाहिले आहे की ती रात्री भाकरी अर्धी मोडून परत ठेवते. कामाठी मामांनी तिला एकदा फाटकापासून परत आणले आणि ते कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तिला ओरडा बसला असता. शेजारी झोपणारी मैत्रीण तिचे रडणे ऐकते. उपकेंद्राच्या सिस्टरना तिचे हिमोग्लोबिन माहीत आहे. गावच्या आशाताईंना माहीत आहे की बाप पिऊन येतो आणि आई दोन महिने मजुरीला खाली गेली होती. मुख्याध्यापकांना हजेरीचा आकडा माहीत आहे. यांतला कोणीही निष्काळजी नाही. कामाठी मामांनी तर जे केले ते मायेपोटीच केले. पण ही सगळी माहिती एकत्र ठेवून ‘हिचे आता काय करायचे, आणि पंधरा दिवसांनी हिला पुन्हा कोण विचारणार’ हे ठरवणे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही.

मला या प्रस्तावनेत जे सांगायचे आहे ते बहुतेक इथेच सांगून झाले. आश्रमशाळेत मानसिक आरोग्याचा विषय निघाला की पहिली मागणी समुपदेशकाची होते. ती रास्तच आहे. पण जिथे सात जणांचे आपसात बोलणे नाही तिथे आठवा आणून बसवला तर तोही आपली आठवी वही उघडतो. आधी बघायचे ते असलेली माणसे एकमेकांशी कशी जोडायची, आणि त्या जोडणीची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर कशी टाकायची.

सरकारी यंत्रणा अजिबात पोचत नाही असे समजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक गाडी घेऊन शाळाशाळांत जाते आणि जन्मजात व्यंग, कमतरता, आजार व विकासातला विलंब अशा चार गटांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. किशोरवयीनांसाठीच्या तपासणीत उदास वाटते का, असा प्रश्नही आहे. कागदावर प्रश्न असणे ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी कोणीतरी भांडले असणार. पण तो कसा विचारला जातो ते पाहा. व्हरांड्यात रांग, पुढे वजनकाटा, मागे हसणाऱ्या मैत्रिणी, समोर आज पहिल्यांदा दिसलेले डॉक्टर. ‘बरं वाटतंय ना?’ ‘हो सर.’ पुढची. डॉक्टरांना दिवसात सबंध शाळा उरकायची आहे. इतक्या मुलांत त्यांनी हृदयाचा दोष शोधून पुढे पाठवला, कुणाला चष्मा मिळवून दिला, तर ते काम उत्तमच झाले. उदासीचे उत्तर मात्र रांगेत मिळत नाही.

२०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. किशोरवयीनांसाठीची आपल्याकडची ‘मैत्री’ केंद्रे त्या धाग्यातली. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे ठरले आणि त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांत भावनिक व मानसिक आरोग्य आले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा. कार्यक्रमांची ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एवढे लक्षात ठेवा, की आदिवासी विकास, सार्वजनिक आरोग्य आणि शालेय शिक्षण हे तीन वेगळे विभाग आहेत, तिघांची मुले एकच आहेत आणि तिघांचे तक्ते तीन ठिकाणी जातात.

‘सहयोगी उपचार’ हा शब्द या क्षेत्रात सर्रास वापरला जातो, म्हणून त्याची हकिकत थोडी सविस्तर सांगते. अमेरिकेत सिअॅटलला वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत, ते नेहमीच्या डॉक्टरांकडे येतात. डॉक्टर औषध लिहून देतात. रुग्ण काही आठवड्यांत ते सोडून देतो. आणि ते कोणाला कळतही नाही. तज्ज्ञांची संख्या वाढवून हे सुटत नव्हते. त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच मानसोपचारतज्ज्ञाची साथ आणून बसवली. पुढच्या वर्षांत या पद्धतीला पक्की चौकट आली. सर्व रुग्णांची एक चालू यादी ठेवायची. ती सांभाळणारी एक व्यक्ती नेमायची, जिने ठरल्या दिवशी रुग्णाला गाठून त्याच प्रश्नावलीने पुन्हा विचारायचे. मानसोपचारतज्ज्ञाने प्रत्येकाला न भेटता आठवड्यातून एकदा त्या यादीवरून नजर फिरवायची आणि जे सुधारत नाहीत त्यांच्याबद्दल सल्ला द्यायचा. जो सुधारत नाही त्याचे उपचार एक पायरी वर न्यायचे. २०१४ मध्ये सिअॅटलच्याच लॉरा रिचर्डसन यांच्या गटाने हीच रीत १३ ते १७ वयाच्या १०१ मुलामुलींवर तपासली आणि ती त्या वयातही उपयोगी ठरली.

यात विलक्षण असे काय आहे? काहीच नाही. क्षयरोगाच्या औषधांसाठी आपली यंत्रणा हेच करते: नाव लिहायचे, गोळी चुकली तर घरी जायचे, थुंकी पुन्हा तपासायची. मनाच्या आजारांना तेवढी चिकाटी कोणी दिली नव्हती.

आपल्याकडचा पुरावा गोव्यातून येतो. ‘संगत’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली केलेली ‘मानस’ चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने त्यात होते. आरोग्याचे कोणतेही शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधरांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी ठेवले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते. जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला या चाचणीतला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. जिथे तोच डॉक्टर वर्षानुवर्षे तुम्हाला नावाने ओळखतो, तिथे ‘पुन्हा विचारणारे माणूस’ आधीच हजर असावे, असा माझा अर्थ. भीमाशंकरच्या खोऱ्यात असे माणूस नेमावेच लागेल, कारण तळेघर किंवा आडिवऱ्याच्या आरोग्य केंद्रात आज भेटलेले डॉक्टर पुढच्या पावसाळ्यात तिथे असतीलच असे नाही.

शाळांसाठीचा धडा बिहारमधून मिळतो. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काही शाळांत बाहेरून नेमलेले, तज्ज्ञ नसलेले समुपदेशक काम करत होते, काही शाळांत तेच काम प्रशिक्षण दिलेले शिक्षक करत होते. शाळेचे वातावरण, नैराश्याची लक्षणे, दांडगाई या सर्वांवर समुपदेशकांच्या कामाचा चांगला परिणाम झाला. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच बदलले नाही. हा निकाल सांगितला की शिक्षक दुखावतात, म्हणून घाईने पुढचे सांगते: याचा अर्थ शिक्षकांना माया नाही असा होत नाही. त्यांच्याकडे वेळ नसतो, आणि गुण देणारा, हजेरी मांडणारा, प्रसंगी शिक्षा करणारा माणूस मुलाच्या मनातले ऐकायला बसला तरी मूल त्याला सगळे सांगत नाही. आश्रमशाळेत तर तीच व्यक्ती रात्री दिवे बंद करते. तेव्हा ‘दोन शिक्षकांना प्रशिक्षण दिले, विषय संपला’ असे कोणी म्हणाले, तर त्यांच्यासमोर नालंदा ठेवा.

मग यादी कोणी सांभाळायची? गावातलीच बारावी किंवा पदवी झालेली, शाळेच्या पटावर नसलेली एखादी ताई मला सर्वांत योग्य वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ नंतर ‘आत्मीयता’ या प्रकल्पाने गावातल्याच माणसांना ऐकायला, ओळखायला आणि पुढे पाठवायला शिकवले. पुण्याच्या आयएलएस महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे ते काम. पुढे ते गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेले. पेठही आदिवासी तालुका, तिथेही डोंगर आणि स्थलांतर. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या बायकांवर जे सोपवून दाखवले, त्याच वाटेने हे जाते. मराठी वाचकाला ही कल्पना परदेशी वाटायचे कारण नाही.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येते: एकत्र काम आणि गुप्तता यांचे भांडण. सात माणसांनी बोलायला हवे हे म्हणणे सोपे आहे. पण वसतिगृहात ‘हिला मॅडमनी वेगळे बोलावले’ एवढे पुरते. संध्याकाळच्या जेवणापर्यंत तिचे नाव झालेले असते. बोलायला जागा कुठली? भांडारगृहात धान्याच्या पोत्यांमध्ये, नाहीतर आवाराच्या टोकाच्या आंब्याखाली, जिथे ऐकू जात नाही पण सगळ्यांना दिसते. यावर मला पटलेला उपाय साधा आहे. ताईने महिन्याभरात वर्गातल्या प्रत्येक मुलीशी पटाच्या क्रमाने दहा मिनिटे बोलायचे. सगळ्यांचीच पाळी येते म्हटल्यावर बोलावणे येण्याला काही अर्थ उरत नाही. जिला अधिक वेळ हवा तिला तो त्याच फेरीत गुपचूप देता येतो.

दुसरे असे, की सहकाऱ्यांत वाटायची ती कामे. मुलीची हकिकत वाटायची नाही. वर्गशिक्षकांना ‘तिला पहिल्या बाकावर बसवा, तासातून उठून बाहेर जावेसे वाटले तर जाऊ द्या, चारचौघांत उत्तर विचारू नका’ एवढे पुरते. मावशींना ‘तिचे ताट बघत राहा, मला शनिवारी सांगा’ पुरते. बाप पितो हे दोघांनाही कळायची गरज नाही. या क्षेत्रातल्या किती बैठका ‘माहिती देणे’ म्हणून सुरू होतात आणि चहाबरोबरच्या चघळण्यात संपतात, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. आणि गुप्ततेचे वचन देताना मुलीला आधीच सांगायचे, की तुला कोणी इजा केली असेल, अंगाला हात लावला असेल किंवा तूच स्वतःला काही करून घेणार असशील, तर मला ते पुढे सांगावे लागेल. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा अशी गोष्ट कळवणे प्रत्येकावर बंधनकारक करतो. मुलगी बोलून गेल्यावर हे सांगणे म्हणजे तिची फसवणूक.

देवऋषी आणि भगत यांच्याबद्दल पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला विचारेल. घरच्यांनी मुलीला भगताकडे नेले म्हणून तुम्ही तोंड वाकडे केलेत की पुढच्या वेळी नेतील, पण तुम्हाला सांगणार नाहीत. काय झाले, कोण कोण बसले होते, रात्रभर कोण जागले, हे विचारा. पुष्कळदा कळते की तिच्यासाठी सबंध भावकी एकत्र आली ती त्याच रात्री. आपल्याला आग्रह धरायचा तो एका ठिकाणी: दातखीळ बसून फिट येत असेल तर औषध सुरू झालेच पाहिजे आणि ते थांबता कामा नये. भगताने अंगारा दिला तरी गोळी चालू राहू दे. मुलींच्या वसतिगृहात एकीला चक्कर आली की पाठोपाठ आणखी चौघी कोसळतात, असाही प्रसंग येतो. तेव्हा गर्दी हटवायची, मोबाईल खिशात घालायला लावायचे, मुलींना दोघीदोघींनी शांत खोल्यांत न्यायचे, डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्यायचे, आणि सगळे ओसरल्यावर सावकाश शोधायचे की या आठवड्यात वसतिगृहात काय घडले होते. ‘नाटके करतात’ हा शब्द आवारात उच्चारला जाऊ नये.

याच्या उलट टोकाची चूक शिकलेल्या माणसांकडून होते, ती म्हणजे सगळ्यालाच मनाचे नाव देणे. जुलै-ऑगस्टात या भागात आठवडा आठवडा ऊन पडत नाही. कपडे वाळत नाहीत, अंथरुणे दमट राहतात, खरूज पसरते. खरूज रात्री जास्त खाजते. मूल रात्रभर खाजवते, सकाळी वर्गात पेंगते, चिडते, शेजाऱ्याला मारते. प्रश्नावली लावली तर चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही या तिन्ही रकान्यांत खूण होईल आणि मूल तुमच्या यादीत येईल. त्याला हवे आहे ते मलम, तेही खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी, आणि कोरडी चादर. तसेच रक्तक्षय, जंत, पाळीच्या दिवसांत पाणी नसणे. आश्रमशाळांतल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, हे इथे विसरता येत नाही. साध्या आजाराला वेळेवर डॉक्टर मिळणे ही मानसिक आरोग्याची पहिली पायरी मानूनच पुढे जावे.

आकडे विचारणाऱ्यांसाठी. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ती पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. शिवाय ती घरोघर जाऊन केलेली. वसतिगृहात राहणारे मूल अशा पाहणीतून सहज निसटते. हा आकडा भीमाशंकरच्या शाळांना लावताना हात आखडता ठेवावा. आणि प्रश्नावली जरूर वापरा, पण छापील मराठीतले ‘गेल्या दोन आठवड्यांत’ ठाकर किंवा कातकरी मुलीला बाजाराच्या वारावरून समजावून द्या, नाहीतर ती गेल्या वर्षाचे सांगेल.

माळीणबद्दल लिहिल्याशिवाय या खोऱ्याची प्रस्तावना पुरी होणार नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आले. निवासी शाळेत असल्यामुळे काही मुले वाचली, आणि त्यांना परत जायला घर उरले नाही. २०१७ मध्ये आमडे इथे नवे गाव उभे राहिले. आपत्तीनंतरच्या समुपदेशनावर पुष्कळ वाङ्मय आहे. त्यातले बरेचसे पहिल्या काही आठवड्यांबद्दल बोलते. इथले दुःख पंचांगाने येते. दर जूनला शाळा उघडते तेव्हाच पाऊस सुरू होतो, आणि रात्री छतावर धो-धो वाजायला लागले की माळीणशी नातेही नसलेली मुले अंथरुणात उठून बसतात. त्यांच्याही गावावर डोंगर आहेच. त्यांना धीर देणाऱ्या मावशी आणि अधीक्षिका याच खोऱ्यातल्या. त्यांचेही कोणीतरी गेलेले असते. मुलांच्या यादीशेजारी कर्मचाऱ्यांसाठी बोलायची एक वेळ ठेवायला हवी, हे मला पुस्तकांपेक्षा या भूगोलाने शिकवले.

तज्ज्ञ कुठून आणायचा? मनोरुग्णालय येरवड्याला. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय त्यामानाने जवळ, तरी पश्चिमेच्या शाळेतून मुलीला तिथे न्यायचे तर सोबत एक कर्मचारी, एसटी आणि अख्खा दिवस जातो, आणि सगळ्या वसतिगृहाला ती कुठे गेली ते कळते. म्हणून यादीची रीत. मानसोपचारतज्ज्ञाने पंधरवड्यातून एकदा तासभर फोनवर यावे, ताईने यादी वाचावी, डॉक्टर आणि सिस्टर सोबत असाव्यात. वीस नावांतल्या बहुतेकींना समस्या सोडवायला शिकवणाऱ्या साध्या गप्पाच पुरतील, दोघी-तिघींच्या घरी जावे लागेल, एखादीलाच मंचरला न्यावे लागेल. १० ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलीमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहावा. मात्र मुलीला फोन कोण देणार आणि रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, हेही त्याच भिंतीवर लिहिले तर उपयोग.

राहता राहिली सुट्टी. दिवाळीत आणि मे महिन्यात शाळा रिकामी होते आणि इतक्या कष्टाने बांधलेली जोडणी सुटते. नोंदवहीतल्या मुलीचे नाव सुट्टीनंतरच पुन्हा का दिसते, याचे उत्तर बहुधा याच दिवसांत असते. सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात, तिला विचारून, तिच्या गावच्या आशाताईंना एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर आजाराचे नाव नको. ‘हिला दोन वेळा भेटा, जेवते का पाहा, काही वाटले तर या नंबरवर कळवा’ एवढेच. घरी राहणाऱ्या मुलींपुरते हे जमण्यासारखे आहे. ज्यांचे आईबाप मे महिन्यात त्यांना बरोबर घेऊन नारायणगावकडे टोमॅटो तोडायला उतरतात, त्यांची चिठ्ठी कोणत्या आशाताईंच्या नावाने लिहायची, हे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून ठरवावे लागेल. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या कोणाला पहिले काम हवे असेल, तर ती बैठक घडवून आणायची आहे.